हे शरीर कुणाचे?

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या पार्थसारथी मंदिराची जी उत्सवमूर्ती मिरवणुकीला निघते, तिच्या चेहऱ्यावर व्रण आहेत. अर्जुनाचा रथ हाकताना भीष्मांचे बाण कृष्णाच्या तोंडावर बसले, त्यांच्याच या खुणा, असे भाविक मानतात. गाभाऱ्यातला मूळ देवही नेहमीच्या विष्णूसारखा नाही. त्याला मिशा आहेत, हातात शंख आहे. पण चक्र नाही, कारण या युद्धात शस्त्र धरणार नाही असा शब्द त्याने दिला होता. हे देऊळ आठव्या शतकातल्या पल्लव राजवटीपर्यंत मागे जाते. इतकी शतके लोक त्या व्रणांच्या चेहऱ्यापुढे हात जोडत आले आहेत. देवाचे तोंड असे विद्रूप का केले, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. उलट ते व्रण झाकले किंवा घासून गुळगुळीत केले, तर तो देव तिरुवल्लिकेणीचा राहणार नाही. जखमी शरीर कलेत आणणे आपल्याला परके नाही, याचा यापेक्षा उघड पुरावा शोधायची गरज नाही.

हे आधी सांगायचे कारण असे की शरीर आणि विज्ञान यांच्या सीमेवर जी धक्कादायक कला गेल्या तीस-चाळीस वर्षांत गाजली, तिच्यावरचा आपला पहिला शेरा बहुधा 'हे पाश्चात्त्यांचे थेर' असाच असतो. मार्क क्विन या ब्रिटिश शिल्पकाराने १९९१ साली स्वतःचेच साडेचार लिटर रक्त काढून साठवले आणि गोठवून त्यातून आपले मस्तक घडवले. ऑर्लान या फ्रेंच कलावतीने १९९०नंतरच्या काही वर्षांत स्वतःच्या चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियांचाच प्रयोग मांडला. स्टेलार्क या कलावंताने आपल्या हातावर कानाच्या आकाराचा अवयव वाढवून घेतला. गुंथर फॉन हागेन्स या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने १९७७ साली हायडेलबर्गमध्ये शोधलेल्या प्लॅस्टिनेशनच्या पद्धतीने, म्हणजे पेशींतले पाणी व चरबी काढून त्या जागी प्लॅस्टिक भरून, सोललेली प्रेते पळताना, बुद्धिबळ खेळताना उभी केली. १९९५मध्ये टोकियोत ते प्रदर्शन प्रथम भरले आणि पुढे कोट्यवधी लोकांनी ते पाहिले. या चारही गोष्टी ऐकून पोटात सारखेच ढवळते. पण त्या एकाच जातीच्या नाहीत. पहिल्या तिघांनी धक्का दिला तो स्वतःचे अंग खर्ची घालून. चौथ्याने दुसऱ्यांची अंगे वापरून. किळस हा फरक ओळखत नाही, म्हणूनच किळस हा अशा कलेचा निकष होऊ शकत नाही. विचारायचे ते एवढेच की हे शरीर कुणाचे, आणि त्याच्या धन्याला या चित्रात किंवा शिल्पात काही वाटा होता का. हा प्रश्न घेऊन पाहिले तर आपल्याच प्रदेशातला, मराठी माणसांशी निगडित असलेला इतिहास फार बोलका आहे.

सुरुवात पुण्यापासून करावी लागते. १७९२च्या म्हैसूर युद्धात इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव कावसजी असे आले आहे; नाव पारशी वाटते, पण तो मराठा कुणबी होता असे तेच कागद सांगतात. वर्षभर तो तसाच नकटा राहिला. मग पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातल्या टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिलेली होती आणि तिचे वर्णन छापून आले, आधी हिंदुस्थानात, मद्रासच्या वृत्तपत्रातही, आणि मग ऑक्टोबर १७९४च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये. मेणाचा पातळ पत्रा तुटलेल्या नाकाच्या जागी बसवून त्याला नाकाचा आकार द्यायचा; तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारायची; त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्त वाहते राहील. नाकाच्या थोटक्या कडा खरवडून त्यांच्या खाचेत ही कातडी वळवून बसवायची. वरून काय लावायचे? पाण्यात कालवलेला कात, कापडाच्या पट्ट्यांवर पसरून. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या चिंध्या ठेवायच्या आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधली जोडपट्टी कापून टाकायची. विड्याच्या पानात पडणारा कात आणि घरातले तूप एवढ्यावर ही प्लॅस्टिक सर्जरी उभी होती.

वर्णनाबरोबर चित्रही छापले होते, आणि आपल्या विषयासाठी महत्त्वाचे ते चित्र आहे. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार तेव्हा पेशव्यांच्या दरबारी होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची त्याने काढलेली चित्रे आपण पाठ्यपुस्तकांतून पाहिली आहेत. शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४मध्ये, त्याने कावसजीला समोर बसवून त्याचे व्यक्तिचित्र काढले. त्यावरून केलेल्या कोरीव चित्रात मध्यभागी पागोटे बांधलेला, आपल्याकडे सरळ पाहणारा माणूस आहे आणि त्याच्याभोवती मेणाचा पत्रा, कपाळावरची रेघ, कातडी वळवण्याची रीत अशा आकृत्या आहेत. म्हणजे एकाच कागदावर व्यक्तिचित्रही आहे आणि शास्त्रीय आकृतीही. त्या काळच्या युरोपीय शरीरचित्रांत ही सांगड जवळपास सापडत नाही: तिथे ज्याचे अंग उघडले त्याला चेहरा नसे, आणि ज्याला चेहरा असे त्याचे अंग कुणी उघडत नसे. इथे ज्याच्या अंगावर प्रयोग झाला तो जिवंत आहे, बरा झाला आहे, त्याचे नाव छापले आहे आणि तो चित्रकारापुढे बसला आहे. या चित्राचा परिणामही झाला. जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यविशारदाने याच रीतीने १८१४मध्ये नाक बसवले आणि १८१६मध्ये त्यावर पुस्तक लिहिले; युरोपातल्या आधुनिक नासिकाशल्याची वाट तिथून सुरू होते.

पण हे चित्र निर्मळ आहे असे म्हणता येणार नाही. कावसजी ईस्ट इंडिया कंपनीचा पेन्शनर होता. कंपनीच्या लोकांनी त्याला 'बस' म्हटल्यावर 'नाही' म्हणण्याची मोकळीक त्याला कितपत होती? शिवाय टिपूशी शेवटचे युद्ध व्हायला अजून पाच वर्षे होती, आणि शत्रूने नाक कापलेल्या माणसाचे चित्र लंडनच्या वाचकांना दाखवण्यात निव्वळ वैद्यकीय जिज्ञासा नव्हती. त्याहून खटकणारी गोष्ट दुसरीच आहे. रुग्णाचे नाव कळते, चित्रकाराचे कळते, ते कोरणाऱ्या विल्यम नटरचे कळते, बघ्या डॉक्टरांची नावे कळतात. ज्याने नाक बसवले त्या कारागिराचे नाव मात्र कुणीही विचारले नाही. अंगावर हक्क कुणाचा हा प्रश्न विचारताना हातावर हक्क कुणाचा हाही विचारायला हवा होता, पण पुण्यातल्या ब्राह्मण दरबाराला आणि लंडनच्या मासिकाला विटा घडवणाऱ्याचे नाव नोंदण्याजोगे वाटले नाही, यात नवल नाही.

तरीही तुलनेला कावसजीचे चित्र मोठे ठरते, आणि किती मोठे हे कळायला त्याच्या वीस वर्षे आधीचा एक ग्रंथ पाहावा. विल्यम हंटर या लंडनच्या प्रख्यात प्रसूतितज्ज्ञाने १७७४मध्ये गर्भवती स्त्रीच्या गर्भाशयाची ३४ मोठी चित्रे प्रसिद्ध केली. यान फान रिम्सडाइक या चित्रकाराने त्यांतली बहुतेक काढली. कारागिरी अशी की एका चित्रात गर्भाच्या ओल्या आवरणावर खोलीच्या खिडकीच्या तावदानांचे प्रतिबिंब पडलेले दिसते. सौंदर्याच्या बाबतीत ही चित्रे कुणाहीपुढे हार जाणार नाहीत. पण त्या स्त्रियांच्या मांड्या खाटकाच्या दुकानातल्यासारख्या मध्येच तोडलेल्या आहेत, तोंड एकीलाही नाही, आणि दिवस भरत आलेल्या या बायका कोण होत्या, कशाने मेल्या, त्यांची प्रेते हंटरच्या टेबलावर कशी आली, याबद्दल ग्रंथ गप्प आहे. त्याला परंपराही होती. वेसालियस या शरीररचनातज्ज्ञाने १५४३मध्ये आपला शरीररचनेचा महाग्रंथ काढला तो फाशी गेलेल्यांच्या देहांवरून. इंग्लंडमध्ये १७५२च्या कायद्याने खुन्यांच्या शवविच्छेदनाला शिक्षेचाच भाग केले, आणि १८३२च्या कायद्याने खुन्यांच्या जागी गरीब आले: ज्यांचे प्रेत न्यायला कुणी येणार नाही असे गरीबगृहांतले लोक. शरीराची उत्तम चित्रे काढण्याची कला युरोपात फुलली ती ज्यांना 'नको' म्हणता येत नव्हते त्यांच्या अंगांवर.

नेमक्या याच ठिकाणी तिरुवल्लिकेणी पुन्हा कामी येते. तिथल्या सरकारी स्त्री-रुग्णालयाला आज कस्तुरबा गांधींचे नाव आहे, पण जुनी माणसे त्याला अजून गोशा हॉस्पिटल म्हणतात. गोशा म्हणजे पडदा. मेरी शार्लीब ही एका इंग्रज बॅरिस्टरची बायको नवऱ्याबरोबर मद्रासला आली आणि तिने पाहिले की पडदानशीन बायका बाळंतपणात मरतात, पण पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नाहीत. १८७५मध्ये तिने आणखी तीन स्त्रियांसह मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला, पुढे लंडनची पदवी मिळवली, आणि १८८५मध्ये जातिवंत व गोशातल्या स्त्रियांसाठी हे रुग्णालय सुरू झाले. पडदा ही काही स्त्रीच्या स्वातंत्र्याची खूण नव्हे, त्याने कित्येक बायकांचे जीव घेतले. मात्र एक गोष्ट नाकारता येत नाही: माझे अंग कुणी पाहायचे हे ठरवण्याचा, कितीही आखूड असला तरी, एक हक्क त्या बायका बजावत होत्या, आणि वैद्यकाने त्या हक्काला हसण्याऐवजी स्वतःची रचना बदलली. हंटरच्या टेबलावरच्या बायकांना तेवढाही हक्क नव्हता. म्हणून स्त्रीच्या गर्भाचे चित्र धाडसी आहे की अश्लील हा वाद मला दुय्यम वाटतो. पडदा लावायचा की सारायचा हे कुणी ठरवले, एवढे कळले तरी पुरते.

आता तंजावर. मद्रासपासून तीनशेहून अधिक किलोमीटरवरचे हे मराठी राज्य दक्षिणेतल्या विज्ञानाच्या इतिहासात एका राजामुळे अढळ झाले आहे. दुसरे सरफोजी भोसले (१७७७ ते १८३२) तुळजाराजांचे दत्तक पुत्र. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ त्यांचा गुरू. वारसाहक्काच्या भांडणात त्यांच्या जिवाला धोका होता म्हणून लहान वयात त्यांना काही वर्षे मद्रासलाच ठेवण्यात आले. १७९८मध्ये गादी मिळाली आणि दुसऱ्याच वर्षी कंपनीने राज्यकारभार काढून घेतला. हाती उरला किल्ला, पेन्शन आणि भरपूर वेळ. त्या वेळाचे त्यांनी जे केले तसे फार थोड्या बिनसत्तेच्या राजांनी केले असेल: सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, १८०५मध्ये देवनागरी छापखाना काढला, धन्वंतरी महालात वैद्य, हकीम आणि युरोपीय डॉक्टर यांना एकत्र बसवून औषधे तपासून घेतली. त्यांना शरीररचना शिकायची होती, आणि तिथे अडचण आली. माणसाचे हाड शिवणे म्हणजे विटाळ. राजाने त्यावर तोडगा काढला. खऱ्या हाडांचा सांगाडा नको, हस्तिदंतात कोरलेला पाठवा, अशी मागणी त्यांनी नोंदवली. म्हणजे शास्त्र हवे, पण मेलेल्याचे अंग नको, त्याची प्रतिकृती करा.

ही गोष्ट सहसा गमतीने सांगितली जाते. प्रगत विचारांचा राजा, पण शेवटी सोवळ्यात अडकलेला, असा तिचा सूर असतो. मला ती उलट वाचाविशी वाटते. राजाच्या मनात विटाळ होता, नीती नव्हती, हे कबूल. पण त्या विटाळाने त्याला जे करायला लावले ते लंडनच्या शास्त्राला बराच काळ पुरेसे पटले नाही: शिकण्यासाठी कुणाचे प्रेत लुटायची गरज नाही, कुशल कारागिराचे हात ते काम करू शकतात. कोरलेला सांगाडा ही विज्ञानातून जन्मलेली कलाकृतीच आहे. प्रत्येक मणका, प्रत्येक बरगडी कुणीतरी पाहून, मोजून, घासून उतरवलेली. आणि योगायोग असा की ज्या १८३२ साली सरफोजी वारले, त्याच साली इंग्लंडच्या संसदेने गरिबांची बेवारस प्रेते विच्छेदनासाठी खुली केली.

सरफोजींच्या दुसऱ्या एका ठेव्याकडे कलेचे अभ्यासक फारसे वळले नाहीत. सरस्वती महालात नेत्ररुग्णांच्या हस्तलिखित नोंदी आहेत, ४०हून अधिक रुग्णांच्या. त्यांतल्या काहींबरोबर त्या रुग्णाच्या डोळ्याचे रंगीत चित्र आहे: पांढरा पडलेला बुबुळाचा भाग, लाल शिरा, सुजलेली पापणी, उपचाराआधीची अवस्था. चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास करून निदाने पडताळली आहेत. तंजावर शैली म्हटले की आपल्याला सोन्याचा वर्ख आणि गुबगुबीत बाळकृष्ण आठवतो; त्याच दरबाराच्या आश्रयाने मोतीबिंदूचा डोळाही रंगवला जात होता हे विसरले जाते. या चित्रांत डोळा बाकीच्या चेहऱ्यापासून तोडलेला आहे, हंटरच्या गर्भाशयासारखाच. फरक कागदावर आहे. ते चित्र एका माणसाच्या नोंदीला जोडलेले आहे, त्याला काय झाले आणि काय दिले याच्यासह. अवयव सुटा काढला तरी माणूस सुटा पडू द्यायचा नाही, ही सोय एका कागदाने होते.

पण सोवळ्याचे गुणगान फार ताणता येत नाही, कारण त्याच सोवळ्याची दुसरी बाजू भयंकर आहे. हाडाला मी शिवणार नाही, याचा अर्थ हाडाला दुसरा कुणी शिवेल. १८३६मध्ये कलकत्त्यात वैद्य मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन करून प्रेताला शिवण्याची बंदी मोडली आणि मेडिकल कॉलेजे उभी राहिली. प्रेते आणण्याचे, उकळण्याचे, हाडे स्वच्छ करण्याचे काम मात्र स्मशानाशी बांधलेल्या डोमांसारख्या जातींकडेच राहिले. त्यातून एक व्यापार वाढला. विसाव्या शतकात जगातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना सांगाडे पुरवणारा सर्वांत मोठा देश भारत होता. कलकत्त्याहून हाडे निघत, लंडन-शिकागोपर्यंत जात. 'शिकागो ट्रिब्यून'ने दिलेल्या अंदाजानुसार एकट्या १९८४ साली सुमारे ६०,००० कवट्या आणि सांगाडे इथून बाहेर गेले. लहान मुलांचे सांगाडे मोठ्या संख्येने निघाल्याच्या बातम्यांनी गदारोळ झाला आणि १९८५मध्ये सरकारने निर्यात बंद केली. ज्या देशात राजाला हाडाचा विटाळ होता त्याच देशाने गरिबांची हाडे टनांवारी विकली. विटाळाने देहाची प्रतिष्ठा राखली जात नाही. त्याने फक्त हात धुतले जातात. प्रतिष्ठा राखायची तर संमती लागते आणि तिची नोंद लागते.

आपल्या काळातल्या भारतीय कलेकडे या व्यापाराच्या उजेडात पाहिले तर काही गाजलेली कामे वेगळी दिसू लागतात. अनिता दुबे यांनी १९९७मध्ये 'सायलेन्स (ब्लड वेडिंग)' ही मालिका केली: खरी मानवी हाडे लाल मखमलीत, मण्यांत आणि लेसमध्ये शिवून टाकलेली. एखाद्या मणक्याची फुलासारखी वेणी होते, कवटी दागिन्यासारखी चमकते. फार देखणे आणि अस्वस्थ करणारे काम आहे, आणि मखमलीने हाड झाकणे ही जखमेवर फुंकर घालण्याची कृतीही आहे. तरी वैद्यकीय पुरवठ्यातून हातोहात फिरणारी हाडे या देशात कुठून येत होती हे माहीत असताना, ते हाड कुणाचे हा प्रश्न मखमलीखाली दबतो. कलाकृती तो विचारत नाही. माझ्या मते तिचे उणेपण किळसवाणेपणात नाही, या न विचारण्यात आहे.

याउलट मुंबईचे दोन चित्रकार, दोघेही डॉक्टर. गीव्ह पटेल (१९४० ते २०२३) मुंबईत जनरल प्रॅक्टिस करत आणि कविता, नाटके, चित्रे तिन्ही करत. त्यांच्या एका इंग्रजी कवितासंग्रहाचे नावच शरीराला 'तू हे कसे सोसतेस' असे विचारते. १९८०नंतर त्यांनी चेचलेल्या डोक्याचे, मारून टाकलेल्या, रस्त्यावर पडलेल्या माणसांचे देह रंगवले. पोस्टमॉर्टेमच्या टेबलाचा सराव असलेल्या नजरेने ते रंगवलेले आहेत, त्यात कुठेही हळहळ चोपडलेली नाही. ही चित्रे पाहवत नाहीत. पण त्यांत कुणाचे मांस वापरलेले नाही. रंग आहे, तेल आहे, कॅनव्हास आहे. सुधीर पटवर्धन १९४९ साली पुण्यात जन्मले, तिथल्याच सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२मध्ये डॉक्टर झाले आणि १९७५पासून तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत राहिले. दिवसभर ज्यांच्या बरगड्या आणि फुफ्फुसे फिल्मवर पाहिली त्याच ठाण्या-परळच्या माणसांना त्यांनी संध्याकाळी रंगवले, इराणी हॉटेलात, रेल्वेच्या पुलावर, अपघातानंतरच्या गर्दीत. आतले पाहायचा परवाना असलेल्या माणसाने चित्रात मात्र बाहेरचा, कपड्यांतला, थकलेला माणूस निवडला, हे मला अतिशय जाणीवपूर्वक वाटते. वैद्यकाने रुग्णाकडून मिळवलेली जवळीक त्यांनी कलेसाठी परस्पर खर्च केली नाही.

यावर कुणी म्हणेल, मेलेल्याला काय कळते? त्याला काही कळत नाही, हे खरे. पण मागे राहिलेल्यांना कळते, आणि जिवंत असताना प्रत्येकाला आपल्या पाठीमागे आपले काय होणार याची काळजी असते. मृत्युपत्रे, पिंड, कबरी सगळी त्या काळजीची रूपे आहेत. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. संमतीची अट घातली असती तर शरीराचे ज्ञान मिळाले असते का? कदाचित खूप उशिरा मिळाले असते. एदुआर्द पेर्नकोफ या व्हिएन्नाच्या नाझी प्राध्यापकाने १९३७पासून काढलेला शरीरचित्रसंग्रह आजही कित्येक शल्यविशारदांना नसांच्या बारीक जाळ्यासाठी सर्वांत उपयोगी वाटतो. व्हिएन्ना विद्यापीठाच्या चौकशीत १९९८मध्ये निष्पन्न झाले की नाझी काळात मृत्युदंड दिलेल्या किमान १,३७७ जणांची प्रेते त्या संस्थेत आली होती. पुस्तक जाळावे का? पुढे एका ज्यू धर्मगुरूने दिलेल्या सल्ल्यात असे सांगितले गेले की रुग्णाचा जीव वाचत असेल तर ही चित्रे वापरावीत, पण ती कुठून आली हे त्या रुग्णाला आणि सर्वांना सांगून. मला हा मार्ग पटतो. जुन्या चुकीतून मिळालेले ज्ञान फेकता येत नाही, पण तिचा पत्ता त्याच्यावर लिहिलेला असला पाहिजे. तिसरा आक्षेप खासगीपणाचा: रुग्णाचे नाव छापणे आज गुन्हाच ठरेल. बरोबर, आणि म्हणूनच नाव हा निकष नव्हे. नाव झाकूनही संमती घेता येते, आणि नाव छापूनही ती डावलता येते. कावसजीच्या बाबतीत आपण नेमके तेच ठामपणे सांगू शकत नाही.

फॉन हागेन्सच्या प्रदर्शनावरचा वाद याच कसोटीवर सुटतो. आपले देह देणाऱ्यांच्या लेखी संमत्या आपल्याकडे आहेत असे ते सांगतात, आणि तसे असेल तर बुद्धिबळ खेळणारे प्रेत कितीही बेगडी वाटले तरी माझा त्याला नैतिक विरोध राहत नाही, आवडीनिवडीचा राहील. त्यांची नक्कल करून अमेरिकेत भरलेल्या दुसऱ्या एका प्रदर्शनातले देह चीनमधून आलेले बेवारस होते. २००८मध्ये न्यू यॉर्कच्या महाधिवक्त्याशी झालेल्या तडजोडीनुसार त्या कंपनीला दारावरच फलक लावावा लागला की हे देह कुणाचे आणि कसे मेले याची खात्री आपण देऊ शकत नाही. आपल्याकडे हाच प्रश्न अधिक मुका आहे. १९४९च्या मुंबई शरीररचना कायद्यानुसार आणि १९५१च्या मद्रासच्या तशाच कायद्यानुसार बेवारस प्रेते वैद्यकीय महाविद्यालयांना देता येतात. देहदान आता वाढले आहे, फॉर्म भरणारे वाढले आहेत, पण विच्छेदनाच्या टेबलावर येणारे सगळेच स्वेच्छेने येत नाहीत. वसतिगृहांतून वरच्या वर्गातून खालच्या वर्गाकडे विकले जाणारे बोन सेट, म्हणजे अभ्यासासाठीच्या हाडांचे संच, तर अजून फिरतातच. त्यांतली काही हाडे निर्यातबंदीच्या आधीच्या काळातली असावीत. परदेशांत काही विद्यापीठांनी आपल्या कपाटांतली भारतीय हाडे शोधायला आणि त्यांचे काय करायचे ते ठरवायला सुरुवात केली आहे. इथे ते काम झाले तर पहिल्यांदा प्रत्येक खोक्यावर खडूने लिहिलेल्या क्रमांकाच्या शेजारी एक रकाना वाढवावा लागेल, आणि तो बहुतेक ठिकाणी रिकामाच ठेवावा लागेल.